बॉनेट, मोटारगाडीचे : रंग व झिलई

मोटारगाडीच्या एंजिनकक्षावर बिजागऱ्यांनी बसविलेल्या व वर उचलता येणाऱ्या झाकणाला बॉनेट म्हणतात. अमेरिकेत यालाच हूड असे नाव आहे. एंजिनाचे धूळ व पाऊस यांपासून रक्षण करणे, त्याचा आवाज काहीसा कोंडून धरणे आणि समोरून येणाऱ्या हवेला वळण देणे, ही त्याची मुख्य कामे होत. ते बहुधा सु. ०·७ मिमी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे करतात. वजन कमी ठेवावयाचे असल्यास ॲल्युमिनियमाचा पत्रा किंवा काचतंतूंनी बळकट केलेले प्लॅस्टिकही वापरतात. बॉनेट हा गाडीच्या बाह्यांगाचाच एक भाग असला, तरी रंगलेपाच्या दृष्टीने तो दरवाजासारखा नाही. दरवाजा उभा असतो, बॉनेट जवळजवळ आडवे असते व माध्यान्हीचे ऊन त्यावर सरळ पडते. खालून त्याला एंजिनाची उष्णता लागते, पुढच्या कडेवर रस्त्यावरची खडी आदळते आणि चालकाच्या नजरेसमोर सतत राहणारा गाडीचा बाह्यभाग बहुधा एवढाच असतो. गाडीचा रंग प्रथम बिघडतो तो छतावर किंवा बॉनेटवर. पुन्हा रंग देण्याचा विचारही बहुधा तेथूनच सुरू होतो.

बॉनेटचा रंग निवडणे हा वरवर आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन निराळे निर्णय गुंतलेले असतात. रंगछटेवर पत्रा किती तापणार हे अवलंबून असते, झिलईवर चालकाचे डोळे दिपणार की नाही हे ठरते आणि लेपांच्या रचनेवर रंगाचे आयुष्य ठरते. दुकानातील रंगपट्टिका पाहून मालक यांपैकी पहिला निर्णय तेवढा घेतो. उरलेले दोन तो नकळत रंगाऱ्यावर सोपवितो. बॉनेटच्या रंगाविषयीच्या बहुतेक तक्रारी या दोन न घेतलेल्या निर्णयांतून उद्‌भवतात. नासिक व त्याचा परिसर या विषयाच्या अभ्यासाला विशेष सोयीचा आहे. तेथे मोटारगाड्या तयार होतात, पठारावरचे कडक ऊन व घाटातला मुसळधार पाऊस ही दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात आढळतात आणि लष्करी व नागरी अशा दोन्ही प्रकारच्या वाहनांची तेथे वर्दळ असते. म्हणून पुढील विवेचनात बरीचशी उदाहरणे तेथील घेतली आहेत.

इतिहास : मोटारगाडीच्या आरंभीच्या काळात तिचे बाह्यांग घोडागाड्या बनविणारे कारागीर तयार करीत आणि रंगकामही घोडागाडीच्याच पद्धतीने होई. जवसाच्या तेलावर आधारलेली रोगणे कुंचल्याने थरावर थर देऊन लावीत व प्रत्येक थर वाळल्यावर घासून काढीत. एक गाडी रंगवून पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ या गाडीला १९१४ ते १९२५ या काळात काळा हा एकच रंग मिळत असे. यामागे मालकाचा हट्ट होता असे गमतीने सांगितले जाते. परंतु त्या वेळचे भट्टीत भाजता येणारे काळे रोगण स्वस्त व टिकाऊ होते, हे त्याचे खरे कारण होय. १९२३ मध्ये जनरल मोटर्स या कंपनीने आपल्या ओकलंड गाड्यांसाठी ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोजयुक्त रोगण वापरले. ते फवाऱ्याने मारता येई व लवकर वाळे. त्यामुळे आठवड्यांचे काम दिवसांवर आले आणि गाड्या अनेक रंगांत मिळू लागल्या. महाराष्ट्रातील रंगारी व सुतार फवाऱ्याने केलेल्या तुकतुकीत रंगकामाला अजूनही ‘ड्यूको’च म्हणतात, मग ते गाडीवर असो वा लाकडी कपाटावर. यानंतर अल्किड रेझिनांची एनॅमले, ॲक्रिलिक रोगणे, विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने बसविलेले अस्तर आणि १९७० नंतरच्या दशकांत रंगीत थरावर पारदर्शक थर देण्याची पद्धत, अशी क्रमाने प्रगती झाली.

दुसऱ्या महायुद्धातील जीप गाडीने याच्या नेमकी उलट दिशा दाखविली. तिचा रंग मुद्दाम मंद, चकाकी नसलेला ऑलिव्ह हिरवा ठेवलेला असे. विमानातून पाहणाऱ्याला काचेसारखी चमक दिसू नये, हा त्यातील हेतू होता. अमेरिकन सैन्याच्या जीपच्या सपाट बॉनेटवर पांढरा तारा रंगवीत; तो मात्र स्वपक्षाच्या विमानांना दिसावा म्हणून. स्वातंत्र्योत्तर काळात विलीज जीपची जुळणी मुंबईत महिंद्रा अँड महिंद्रा या कंपनीने सुरू केली. या कंपनीचा मोटारगाड्यांचा कारखाना नासिकला सातपूर येथे व एंजिनांचा कारखाना इगतपुरी येथे आहे. २००२ मध्ये बाजारात आलेली ‘स्कॉर्पिओ’ ही गाडी नासिकच्या कारखान्यात तयार होऊ लागली, तर २००७ मध्ये रेनो या फ्रेंच कंपनीच्या भागीदारीतील ‘लोगन’ ही गाडीही तेथूनच बाहेर पडली. जीपचे मंद लष्करी बॉनेट आणि या गाड्यांचे आरशासारखे नागरी बॉनेट यांच्यातील फरक हा केवळ अभिरुचीचा नाही, हे पुढे झिलईच्या विवेचनात स्पष्ट होईल.

लेपांची रचना : आधुनिक कारखान्यात बॉनेट गाडीच्या सांगाड्याबरोबरच रंगविले जाते. प्रथम पत्र्यावरील तेल व मळ धुऊन काढतात आणि जस्ताच्या फॉस्फेटाचा १ ते ३ मायक्रॉन जाडीचा स्फटिकी थर त्यावर बसवितात (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नंतर सर्व सांगाडा अस्तराच्या टाकीत बुडवून विद्युत् प्रवाह सोडतात. त्यामुळे सु. २० मायक्रॉन जाडीचे गंजरोधी अस्तर दुमडलेल्या कडांच्या आतही जाऊन बसते. हे अस्तर १६०° ते १८०° से. तापमानास भाजतात. त्यावर पृष्ठभाग गुळगुळीत करणारा दुसरा लेप, त्यावर १५ ते २० मायक्रॉनांचा रंगीत थर आणि सर्वांत वर ४० ते ५० मायक्रॉनांचा पारदर्शक थर येतो. वरचे थर सु. १४०° से. तापमानास पक्के होतात. सर्व थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे जाडसर कागदाएवढी भरते. [→ रंगलेप].

या रचनेत गाडीचा ‘रंग’ म्हणून जो ओळखला जातो, तो थर सर्वांत पातळ असतो आणि संरक्षणाचे काम त्याच्याकडे फारसे नसतेच. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण अडविण्याचे काम वरचा पारदर्शक थर करतो; त्यासाठी त्यात हे किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. हा थर झिजला वा सोलून निघाला की, खालचा रंगीत थर उघडा पडतो, पांढुरका होतो आणि हाताला खडूसारखी भुकटी लागू लागते. चकाकी परत आणण्यासाठी केलेले प्रत्येक बफिंग या थराचा काही भाग कायमचा काढून टाकते, ही गोष्ट ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. गाडी दर वर्षी दिवाळीला घासून चमकविणारा मालक वस्तुतः तिच्या बॉनेटचे आयुष्य कमी करीत असतो.

रंगछटेचा टिकाऊपणाशीही संबंध आहे. टायटॅनियम डाय-ऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य, लोहाची तांबडी, पिवळी व काळी ऑक्साइडे आणि काजळीपासून मिळणारा काळा रंग ही द्रव्ये उन्हात फारशी बदलत नाहीत. थॅलोसायनीन निळा व हिरवा हेही पक्के मानले जातात. भडक तांबड्या व नारिंगी छटा मात्र बहुधा कार्बनी रंगद्रव्यांच्या असतात व त्या प्रकाशातील अधिक ऊर्जेचे निळे-जांभळे किरण शोषून घेतात. त्यांतील हलक्या प्रतीच्या छटा काही उन्हाळ्यांत विटतात. जुन्या तांबड्या गाडीचे दरवाजे तांबडे व बॉनेट गुलाबी असे जे दृश्य दिसते, त्याचे कारण हेच.

रंग व उष्णता : नासिक सु. २०° उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर येतो. जुलैत बहुधा ढग असतात. म्हणून बॉनेटच्या दृष्टीने खरी कसोटी मे महिन्याची. निरभ्र आकाशात अशा वेळी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौ. मी. वर सु. १,००० वॉट एवढी ऊर्जा पडते. दीड चौ. मी. क्षेत्रफळाच्या काळ्या बॉनेटने तिचा सु. ९५ टक्के, तर स्वच्छ पांढऱ्या बॉनेटने २५ ते ३० टक्के भाग शोषला, असे धरल्यास दोहोंतील फरक सु. एक किलोवॉट येतो. म्हणजे काळ्या बॉनेटवर एक विजेची इस्त्री अखंड चालू ठेवल्यासारखे होते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या काळ्या व रुपेरी गाड्यांच्या छतांच्या तापमानांत सु. २५° से. पर्यंत फरक आढळला होता. बॉनेटच्या बाबतीत गाडी चालून आल्यानंतर यात एंजिनाच्या उष्णतेची भर पडते.

याविषयी एक समज बराच रूढ आहे. काळा रंग उष्णता लवकर बाहेर टाकतो, म्हणून काळ्या बॉनेटखाली एंजिन थंड राहते, असे सांगितले जाते. बॉनेटच्या तापमानास बाहेर पडणारे प्रारण हे दृश्य प्रकाश नसून दीर्घ तरंगलांबीचे अवरक्त किरण असतात आणि या किरणांच्या बाबतीत पांढरा, काळा, निळा हे सर्वच रंगलेप जवळजवळ सारखे उत्सर्जक असतात. उष्णता टाकण्यात काळा रंग पांढऱ्याच्या पुढे नाही. घेण्यात मात्र फार पुढे आहे. शिवाय शीतक द्रव व उष्णतास्थापी झडप यांच्या योगे एंजिनाचे तापमान सु. ९०° से. च्या जवळपास राखलेले असते. बॉनेटच्या रंगाने त्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. रंगाचा खरा परिणाम होतो तो रंगलेपावरच. तापलेला पारदर्शक थर मऊ होतो व त्यावर पडलेली पक्ष्याची विष्ठा वाळून आकसताना थराला खेचते. तेथे जो डाग पडतो तो धुऊन जात नाही. तसेच वळवाच्या सरीने तापलेला पत्रा एकदम थंड झाला म्हणजे जाड लांबी भरलेल्या जागी तडे जाण्याचा संभव असतो, कारण लांबी व पोलाद यांचे आकुंचन सारखे नसते.

सूर्यप्रकाशातील जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते. त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन गडद रंग सारखेच तापतील असे नाही. काजळीचा काळा रंग सर्व किरण शोषतो, तर क्रोमियम व लोह यांच्या संयुक्त ऑक्साइडांपासून केलेली काही काळी-तपकिरी रंगद्रव्ये अवरक्त किरणांचा बराच भाग परतवितात. गडद रंगाचाच आग्रह असेल, तर अशा रंगद्रव्याचा लेप मिळविणे हा एक मार्ग आहे. मात्र गल्लीतील दुकानात तो सहसा मिळत नाही.

झिलई व दृष्टी : झिलई मोजण्यासाठी पृष्ठभागावर ठराविक, बहुधा ६०° च्या कोनाने प्रकाश टाकून आरशासारखा परतणारा भाग मोजतात आणि घासून गुळगुळीत केलेल्या प्रमाणभूत काळ्या काचेच्या झिलईला १०० धरून अंक देतात. नव्या गाडीचा तुकतुकीत पृष्ठभाग ८५ ते ९० किंवा त्याहून अधिक भरतो. मंद पृष्ठभागाचा अंक दहाच्या आसपास वा त्याखाली असतो.

बॉनेटवरील परावर्तनाचे दोन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. रंगीत थरातून सर्व दिशांना विखुरणारा प्रकाश रंगछटेवर अवलंबून असतो. पांढरे बॉनेट भर उन्हात प्रखर दिसते ते यामुळे. पारदर्शक थराच्या वरच्या पृष्ठावरून आरशासारखे होणारे परावर्तन मात्र रंगावर अवलंबून नसते. प्रकाश लंबरूप पडला, तर ते सु. ४ टक्केच असते. पण प्रकाशकिरण व लंब यांमधील कोन ६०° झाला की ते सु. ९ टक्के, ७५° ला सु. २५ टक्के व ८०° ला सु. ३९ टक्के होते. चालक बॉनेटकडे तिरप्या नजरेनेच पाहत असल्यामुळे सूर्य समोर कलता असताना तुकतुकीत काळे बॉनेटही डोळे दिपवू शकते. संध्याकाळी नासिकहून त्र्यंबकेश्वरकडे पश्चिमाभिमुख गाडी नेणाऱ्यास याचा अनुभव येतो. काळा रंग दिल्याने चमक जाईल, या समजुतीने केलेला खर्च येथे वाया जातो. चमक घालवावयाची, तर झिलई कमी केली पाहिजे.

शर्यतीच्या गाड्यांचे बॉनेट मंद काळे रंगवितात ते याच कारणाने, आणि अनेक विमानांच्या वैमानिकापुढील नाकाडावर मंद काळा वा गडद हिरवा पट्टा असतो त्याचेही कारण हेच. जीप व तत्सम उंच बसण्याच्या गाड्यांत बॉनेट रुंद, सपाट व नजरेच्या थेट खाली असल्याने हा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो. उतरत्या व लहान बॉनेटच्या गाडीत चालकाला त्याचा फारच थोडा भाग दिसतो; तेथे केवळ चमकेच्या भीतीने मंद रंग घेण्याचे कारण नाही.

मंद झिलई मिळविण्याची योग्य रीत म्हणजे पारदर्शक लेपातच सिलिकेचे सूक्ष्म कण मिसळणे. वाळताना हे कण पृष्ठभाग अतिसूक्ष्म प्रमाणात खडबडीत करतात व प्रकाश विखुरतात. लहान कारखान्यांत कधीकधी पारदर्शक थर न देताच किंवा थिनर जास्त घालून मंदपणा आणला जातो. दिसावयास दोन्ही सारखे, पण दुसऱ्या प्रकारात रंगीत थर उघडाच राहतो व एक-दोन उन्हाळ्यांत भुकटी धरतो. मंद पृष्ठभागाची निगाही अवघड असते. त्याला पॉलिश करता येत नाही, कारण घासलेली जागा चमकू लागते. मेण किंवा तेल लागले तर डाग राहतो आणि एका ओरखड्यासाठी संपूर्ण बॉनेट पुन्हा रंगवावे लागते. म्हणून बाह्यांग तुकतुकीत ठेवून चालकासमोरचा मधला पट्टा तेवढा मंद करणे, हा मधला मार्ग व्यवहारात अधिक शहाणपणाचा होय.

स्थानिक परिस्थिती : नासिक शहर व निफाड, दिंडोरी हे तालुके कोरड्या पठारावर, तर इगतपुरी घाटमाथ्यावर आहे, तेथे नासिक शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो. पठारावर ऊन व धूळ, तर घाटात ओल आणि धुके हे रंगाचे शत्रू. धूळ झाकण्यात फिकट करडा, रुपेरी व वाळूसारखा रंग सर्वांत सरस. काळ्यावर धुळीचा प्रत्येक कण आणि फडक्याची प्रत्येक वर्तुळाकार रेघ दिसते. परंतु जो करडा रंग ओझरच्या रस्त्यावर सोयीचा, तोच पावसाळ्यात कसारा घाटाच्या धुक्यात रस्त्याच्या पार्श्वभूमीत मिसळून जातो. नेहमी घाट उतरणाऱ्याने यासाठी दिवे लावून चालण्याची सवय ठेवावी, हे रंग बदलण्यापेक्षा स्वस्त पडते. मुंबई–आग्रा महामार्गावर सतत धावणाऱ्या गाडीच्या बॉनेटची पुढची कड खडीच्या माऱ्याने टिपक्याटिपक्यांनी सोलते. गडद रंगाखाली फिकट अस्तर असेल, तर हे टिपके लगेच उठून दिसतात. म्हणून अस्तराची छटाही वरच्या रंगाशी मिळती घ्यावी.

द्राक्षबागांतून उभ्या राहणाऱ्या वाहनांचा प्रश्न थोडा निराळा आहे. बागांत गंधक व ताम्रयुक्त बुरशीनाशके फवारतात. त्यांचे थेंब तापल्या बॉनेटवर वाळू दिले, तर डाग राहण्याचा संभव असतो. ते ओले असतानाच पाण्याने धुणे हा सोपा उपाय. आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत झाडाखाली ठेवलेल्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकटा पडतो व त्यावर धूळ बसून काळपट थर होतो. तोही कोरड्या फडक्याने न पुसता भिजवूनच काढावा लागतो. सावली म्हणून झाड निवडावे, तर झाडाचा हा उपसर्ग, अशी अडचण येथे असते.

पुनर्रंगकाम : जुन्या गाडीचे एकटे बॉनेट रंगविताना बाजूच्या भागांशी जुळणी साधणे, हे सर्वांत कठीण काम होय. गाडीवरील पट्टीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो. पण तो नव्या गाडीचा रंग सांगतो, काही वर्षे ऊन खाल्लेल्या गाडीचा नव्हे. त्यामुळे क्रमांकानुसार रंग तयार करून तो कार्डावर फवारावा, वाळल्यावर पारदर्शक थर द्यावा आणि ते कार्ड मडगार्डाला लावून उन्हात पाहावे. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग बाहेर येताच निराळे दिसू शकतात. रुपेरी व मोतिया रंगांत आणखी एक अडचण येते. त्यांतील ॲल्युमिनियमाचे वा अभ्रकाचे पापुद्रे फवारताना कसे निजतात, यावर छटा अवलंबून असते आणि बंदुकीचे अंतर, हवेचा दाब व पत्र्याची ठेवण बदलली की ती बदलते. बॉनेट काढून आडवे ठेवून रंगविले व मडगार्ड उभेच रंगविलेले असले, तर एकाच डब्यातील रंग दोन दिसतो. अनुभवी कारागीर म्हणूनच रंगीत थर मडगार्डाच्या काही भागापर्यंत विरळ करीत नेतात व नंतर सर्वांवर पारदर्शक थर देतात. एकरंगी पांढरा किंवा करडा रंग या दृष्टीने पुष्कळच सोपा. पुढेमागे दुरुस्ती परवडावी असे वाटत असेल, तर मोतिया रंगाचा मोह टाळावा.

पत्र्याच्या पूर्वतयारीत जे राहून जाते, ते वरच्या रंगाने भरून निघत नाही. गंज धातूपर्यंत खरवडून काढणे, उघड्या पोलादावर त्याच दिवशी गंजरोधी अस्तर देणे आणि लांबी खळग्यापुरतीच व पातळ भरणे आवश्यक असते. ॲल्युमिनियमावर नेहमीचे अस्तर नीट धरत नाही. त्यासाठी धातूला किंचित कोरणारे किंवा एपॉक्सी अस्तर लागते. नंतर पॉलिश पेपरने पाणी लावून घासण्याची कामे क्रमाने बारीक होत जाणाऱ्या कागदांनी केली जातात. रंगविण्याचा काळही महत्त्वाचा आहे. पावसाळी हवेत नायट्रोसेल्युलोजाचे रोगण फवारल्यास विद्रावकाच्या जलद बाष्पीभवनाने पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील ओल जमते व पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लेपांत ओलीमुळे बुडबुडे येऊ शकतात, तर थंडीत ते वाळता वाळत नाहीत. भट्टी असलेल्या कारखान्यात सु. ६०° से. ला अर्धा तास भाजून हा प्रश्न सुटतो. उघड्या शेडमध्ये काम करावयाचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील दुपारची वेळ त्यातल्या त्यात बरी. तोही दिवस वाऱ्याचा नसावा.

या लेपांचा एक परिणाम बॉनेटवर दिसत नाही, तो रंगाऱ्याच्या फुप्फुसांवर होतो. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लेपातील दृढक द्रव्यात आयसोसायनेटे असतात. त्यांचे तुषार श्वासावाटे गेल्यास काही व्यक्तींना दम्याचा विकार जडतो आणि एकदा तो जडला की, पुढे अगदी अल्प प्रमाणातील संपर्कही सोसत नाही. नाकावर बांधलेला रुमाल या तुषारांना अडवीत नाही. शुद्ध हवेचा पुरवठा असलेला मुखवटा व हवा खेचून घेणारी बंदिस्त खोली हाच खरा उपाय होय. काही पिवळ्या व नारिंगी औद्योगिक रंगांत शिशाची क्रोमेटे वापरली जात आली आहेत. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर भारतात २०१६ च्या नियमांनी दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आली. परंतु हे नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरतेच आहेत. त्यामुळे जुना पिवळा लेप कोरडा घासताना उडणाऱ्या भुकटीपासून कारागिराने व त्याच्या हाताखालील पोरांनी जपावयास हवे. मालकाने कमी दराचा आग्रह धरला म्हणजे बहुधा प्रथम काट मारली जाते ती या मुखवट्याच्या खर्चावर.

एंजिनावरील आवरण : बॉनेट उघडल्यावर एंजिनाच्या माथ्यावर झडपांच्या यंत्रणेचे जे धातूचे आवरण दिसते, त्याच्या रंगाचे निकष अगदी वेगळे आहेत. तेथे ऊन नाही. तापलेले वंगणतेल आहे व तापमान १००° से. च्या वर जाऊ शकते. सामान्य बाह्यांगाचा लेप तेथे पिवळा पडतो किंवा पापुद्रे सोडतो. म्हणून त्यासाठी उष्णता सोसणारे एनॅमल किंवा भाजून पक्का होणारा भुकटी लेप वापरतात. निष्कासनळीच्या लगतच्या भागांसाठी ॲल्युमिनियमाचे चूर्ण घातलेला सिलिकोन रेझिनाचा लेप लागतो. ओतीव आवरणाचा खडबडीतपणा झाकण्यासाठी सुरकुत्या पडणारा काळा वा तांबडा लेप पुष्कळ काळ प्रचारात आहे. त्यात वरचा पापुद्रा आतल्या भागाआधी वाळतो व आकसतो. इटलीतील फेरारी कंपनीच्या १९५० च्या दशकातील ‘तेस्ता रोसा’, म्हणजे ‘लाल डोके’, या शर्यतीच्या गाडीला तिचे नाव अशाच तांबड्या आवरणांवरून मिळाले. फिकट रंगाचे आवरण तेलाची गळती लगेच दाखविते. दुरुस्तीच्या दृष्टीने हा गुणच आहे, जरी ते लवकर मळलेले दिसत असले तरी. बॉनेटच्या आतल्या बाजूलाही याच कारणाने फिकट रंग सोयीचा. मात्र तेथे ध्वनी व उष्णता रोखणारी गादी असेल, तर ती रंगवू नये.

कायदा : मोटारगाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात तिच्या रंगाची नोंद असते. गाडीचा रंग बदलल्यास ही नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून बदलून घ्यावी लागते. केवळ बॉनेट किंवा त्यावरील पट्टा निराळ्या रंगाचा करावयाचा असला, तरी काम करण्यापूर्वी कार्यालयात विचारणा करणे इष्ट. पुढे विमा किंवा विक्रीच्या वेळी वाद राहत नाही. एका रंगाच्या बाबतीत मात्र मालकाला निवड करण्याचा अधिकारच नाही. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ यांतील नियम १२१ अन्वये संरक्षण खात्याची वाहने सोडून इतर मोटारवाहनांना ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास मनाई आहे. देवळाली येथील तोफखाना विद्यालयामुळे नासिकच्या रस्त्यांवर या रंगाची वाहने नित्य दिसतात. लिलावात घेतलेली जुनी लष्करी जीप हौसेने मूळ रंगातच ठेवावी, असे अनेकांना वाटते. परंतु नागरी नोंदणीपूर्वी तिचा रंग बदलणे क्रमप्राप्त असते.